प्रश्नचिन्हाच्या आडून

दोन-तीन वर्षांपूर्वी एका मराठी वृत्तवाहिनीतून मला फोन आला. रात्री कमी पटाच्या शाळांवर चर्चा ठेवली होती. पाहुणे जमवणारी मुलगी नम्र होती, पण आवाजात दमणूक होती. दुपारचे चार वाजून गेले होते आणि तिच्या दोन खिडक्या अजून रिकाम्या होत्या. ‘सर, तुम्ही शाळा बंद करायच्या बाजूने बोलणार की विरोधात?’ मी म्हणालो, ते गाव बघून ठरेल. डोंगरातल्या वाडीवर सात मुलांची शाळा असेल तर ती चालूच ठेवली पाहिजे, कारण पुढची शाळा ओढ्यापलीकडे असते आणि पावसाळ्यात ओढा उतरता येत नाही. पण सडकेवरच्या गावात हाकेच्या अंतरावर तीन शाळा ओस पडल्या असतील, तर एकत्र करण्याचा विचार व्हायला हरकत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सर, पण मग मी तुम्हाला कुठल्या बाजूला दाखवू?’ मला काही सांगता आले नाही. रात्री चर्चा झाली. इकडे दोघे, तिकडे दोघे, मध्ये निवेदक आणि खाली लाल पट्टी: ‘गरिबांच्या शिक्षणावर घाव?’

त्या मुलीचा मला राग आला नाही. राग आला त्या पट्टीच्या शेवटी उभ्या असलेल्या प्रश्नचिन्हाचा.

‘घाव’ हा शब्द आपोआप येत नाही. कोणीतरी तो निवडतो, आणि निवडणाऱ्याचे मत आधीच पक्के झालेले असते. प्रश्नचिन्ह मात्र मागाहून, वकिलाला विचारून लावल्यासारखे येते. उद्या कोणी जाब विचारला तर उत्तर तयार: आम्ही विधान कुठे केले? आम्ही फक्त प्रश्न विचारला. मराठीत याला काखा वर करणे म्हणतात. इथे ती सोय वाक्य लिहितानाच करून ठेवलेली असते.

बातम्यांत मते घुसली, अशी तक्रार आपण सगळेच करतो. माझी तक्रार जरा निराळी आहे. रात्री आठ ते दहा कोणतीही वाहिनी लावा, तास-दीड तास ऐका, आणि मग निवेदकाचे त्या विषयावरचे मत काय, ते कशाच्या आधारावर आणि त्याच्या विरोधातल्या सर्वांत चांगल्या मुद्द्याला त्याचे उत्तर काय, हे चार वाक्यांत लिहून दाखवा. जमणार नाही. त्याचा संताप कळतो, रोख कळतो, कोणाचा आवाज कधी बंद करायचा हे तर फारच नीट कळते. मत कळत नाही, कारण ते मांडलेलेच नसते. ते पट्टीत असते, पार्श्वसंगीतात असते, पाहुण्यांच्या निवडीत असते आणि कोणाला तीस सेकंद व कोणाला तीन मिनिटे यात असते. त्याला धनी नसतो.

यावर जुन्या पिढीतले लोक सांगतात तो उपाय म्हणजे सातच्या बातम्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, पुढे प्रदीप भिडे यांच्यासारख्या माणसांनी तिथे मराठी बातम्या वाचल्या. उच्चार स्वच्छ, चेहरा शांत, आवाजाला पट्टी ठरलेली. माझ्याही मनात त्या आवाजांसाठी हळवा कोपरा आहे. पण हळवेपणा बाजूला ठेवून आठवून पाहा. दूरदर्शनचे तिसरे वर्ष संपायच्या आत आणीबाणी आली. तेव्हाच्या पडद्यावर मत नव्हतेच, होती फक्त निवड. कोणता नेता दिसणार आणि कोणता दिसणारच नाही हे दुसरीकडे ठरत होते, आणि ते शांत, स्वच्छ उच्चारात वाचले जात होते. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडले. पडद्यावर मत नसले म्हणजे बातमी निर्मळ असते, यावर आमच्या पिढीने तरी विश्वास ठेवू नये. मत नसण्याचे सोंग हे मत लपवण्याचे सर्वांत जुने साधन आहे. प्रश्नचिन्ह ही त्याची अलीकडची आवृत्ती.

आणि मराठी माणसाला मताचे वावडे कधीपासून झाले? आपली वृत्तपत्रे उभी राहिली तीच मुळी अग्रलेखावर. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाला आणि दीड वर्षात त्याचा संपादक तुरुंगात होता. ते प्रकरण आजच्या प्रत्येक वृत्तनिवेदकाने एकदा वाचावे, कारण त्यात टिळक-आगरकरांची चूक झाली होती. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केले. आधार म्हणून जी पत्रे हाती होती ती बनावट निघाली. ते कळल्यावर दोघांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला चालूच ठेवला आणि जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. आपण ही गोष्ट देशभक्तीच्या खात्यात जमा करून टाकली आहे. मला ती पत्रकारितेच्या खात्यातली वाटते. कडक मत मांडले, पुरावा कच्चा निघाला, चूक कबूल केली आणि शिक्षाही भोगली. ‘आम्ही तर फक्त प्रश्न विचारला होता’ असा बचाव त्यांना सुचला असेलही, पण त्यांच्या वाक्यांनी तो करायला जागा ठेवली नव्हती.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. सामाजिक सुधारणेवर दोघांचे पटेना. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. एका पत्राच्या अग्रलेखात परस्परविरोधी दोन मते मावत नाहीत, म्हणून दोन मित्रांनी दोन पत्रे चालवली. त्यांच्यातली भांडणे सोज्ज्वळ होती असे कोणी समजू नये. एकमेकांवर त्यांनी जे लिहिले त्यातले काही आज वाचतानाही बोचते. पण कोण काय म्हणतो आणि का म्हणतो, याबद्दल वाचकाच्या मनात शंका राहत नसे. आज त्याच दोघांना आपण दोन खिडक्यांत बसवले असते, वर ‘टिळक-आगरकर भिडले’ अशी पट्टी सोडली असती आणि संमतिवयाचा मुद्दा ब्रेकआधी संपवला असता.

टीव्हीवर मत मांडण्याची रीत मुळातच अशी आहे का? तसे म्हणता येत नाही. अमेरिकेत या माध्यमाच्या बालवयातच तिथल्या पत्रकारांनी काही चांगले पायंडे पाडले होते. ९ मार्च १९५४ रोजी सीबीएसच्या ‘सी इट नाऊ’ या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात एडवर्ड मरो याने सिनेटर जोसेफ मॅकार्थींचा समाचार घेतला. कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली मॅकार्थींनी देशभर भीती पसरवली होती. मरोने बहुतेक वेळ त्यांचीच भाषणे, त्यांचीच दृश्ये दाखवली आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून स्वतःचे म्हणणे सांगितले. ते एकतर्फी होते, आणि मरोने ते तसे नाही असा आव आणला नाही. उत्तरासाठी मॅकार्थींना त्याच कार्यक्रमाची वेळ देऊ केली आणि ६ एप्रिलला मॅकार्थी अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात त्यांना कोणी अडवले नाही. मॅकार्थींचे नुकसान मरोच्या टीकेने जेवढे झाले, तेवढेच त्या उत्तरानेही झाले, असे मला वाटते. माणसाला पुरेसा वेळ दिला की तो स्वतःला उघडा करतो. खिडक्यांच्या चर्चेत नेमके तेच होऊ दिले जात नाही.

वॉल्टर क्रॉन्काइट हा तर सीबीएसवरच रोजच्या बातम्या सांगणारा, सर्वांच्या विश्वासातला माणूस. फेब्रुवारी १९६८ मध्ये तो व्हिएतनामहून परतला आणि २७ तारखेच्या विशेष कार्यक्रमाच्या अखेरीस त्याने हे युद्ध कोंडीत सापडल्याचे सांगितले. त्याआधी त्याने प्रेक्षकांना बजावले की आता जे येते आहे ते वैयक्तिक आहे. बातमी कुठे संपली आणि तो माणूस कुठे सुरू झाला, हे घरी बसलेल्याला कळत होते.

याच वाहिनीवर एरिक सेव्हराइड रोजच्या बातमीपत्रात साधारण दोन मिनिटे भाष्य करायचा. १९७७ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. टीकाकार त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला ‘सेव्हरलसाइड्स’ म्हणत, म्हणजे एकाच वेळी अनेक बाजूंना असलेला. थट्टा रास्त होती, त्याचे भाष्य पुष्कळदा गुळमुळीत असे. तरी मला तो दोन मिनिटांचा तुकडा आवडतो. एक माणूस, एक लिहिलेला मजकूर, शेजारी कोणी नाही, ओरडण्यासाठी कोणी नाही. दोन मिनिटांत साडेतीनशे शब्द होतात. तेवढ्यात तर्क पोकळ असेल तर लगेच वाजतो. तासाभराच्या गोंधळात तो कोणाच्याच कानावर येत नाही.

मग तिथे पुढे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. प्रक्षेपणाचा परवाना घेणाऱ्याने वादग्रस्त विषय टाळू नयेत आणि दुसरी बाजूही दाखवावी, असे सांगणारा १९४९ पासूनचा नियम तिथल्या संपर्क आयोगाने १९८७ मध्ये रद्द केला. फॉक्स न्यूज १९९६ मध्ये आली. आणि इथे माझ्या युक्तिवादाला खरी अडचण येते. ‘मत मांडा, पण मत म्हणून मांडा’ एवढ्यावर भागत असते, तर फॉक्सचे रात्रीचे सूत्रधार आदर्श ठरले असते. त्यांच्या कार्यक्रमांवर ‘मत’ असे लेबल आहेच. त्यांतले तेव्हाचे एक सूत्रधार टकर कार्लसन यांच्या एका विधानावरून झालेला बदनामीचा दावा न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला. कार्यक्रमाचा एकूण सूर पाहता शहाणा प्रेक्षक त्या विधानाला शब्दशः वस्तुस्थिती मानणार नाही, हा वाहिनीचा बचाव मान्य झाला. त्याच वर्षी डाव्या बाजूच्या निवेदिका रेचल मॅडो यांच्याविरुद्धचा दावाही अशाच कारणाने उडाला. म्हणजे जितके भडक बोलाल तितके सुरक्षित! आपल्या प्रश्नचिन्हाचे काम तिथे ‘मत’ या लेबलने केले.

अर्थात ती ढाल सगळीकडे चालली नाही. २०२० च्या निवडणुकीत डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी घोटाळा केला, या दाव्यांना फॉक्सने पडद्यावर जागा दिली. खटल्यात वाहिनीतले अंतर्गत संदेश बाहेर आले, तेव्हा दिसले की तिथल्या नामांकित चेहऱ्यांचा त्या दाव्यांवर खासगीत विश्वास नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तपशील मला पैशाचा वाटत नाही. जे रात्री पडद्यावर चालत होते ते त्यांचे मतच नव्हते, हा तो तपशील आहे. माणूस मत बाळगतो तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी गमावायची तयारी ठेवतो. इथे प्रेक्षक गमावण्याची भीती तेवढी होती.

आता आपल्याकडे या. दोष नेहमी टीआरपीवर ढकलला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, तेव्हा सर्वांना कळले की देशाची आवड सुमारे ४४ हजार घरांतल्या यंत्रांवरून मोजली जात होती. त्यानंतर हे मोजमाप करणाऱ्या बार्क या संस्थेने एकेका वृत्तवाहिनीचे आकडे देणे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. जवळजवळ दीड वर्ष कोणाकडेच वाहिनीवार आकडे नव्हते. त्या काळात आवाज खाली आला का? मला तरी तो आलेला ऐकू आला नाही. म्हणजे रोगाचे मूळ केवळ तिथे नाही.

मूळ हिशेबात आहे. भामरागडला बातमीदार, कॅमेरामन आणि गाडी पाठवायची तर मुक्काम, पेट्रोल, दिवस सगळे लागते, आणि इतके करून बातमी हाती लागेलच याची खात्री नाही. तालुक्यातल्या स्ट्रिंगरला बातमीमागे जे मिळते त्यात त्याचे पेट्रोलही भागत नाही. याउलट पक्षाचे प्रवक्ते मानधन मागत नाहीत, ते तयारच असतात. एक निवेदक, सहा खिडक्या, एक तास. यापेक्षा स्वस्त कार्यक्रम टीव्हीवर दुसरा नाही. आणि जिथे बातमीदार गेलाच नाही, तिथल्या प्रश्नावर निवेदक तरी कशाच्या जोरावर मत बनवणार? त्याच्या हाती ‘घाव’ हा शब्द तेवढा असतो. कमी पटाच्या शाळांवरच्या त्या चर्चेत एकाही शाळेचे नाव आले नाही. आले असते तर कोणाला तरी तिथे जावे लागले असते.

नावे घ्यायचीच तर दोन टोकांची घेतो. अर्णब गोस्वामी यांचे मत लपलेले नसते, एवढे तरी त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. पण त्यांची सगळ्यांत गाजलेली लकब आठवा. प्रश्न ते विचारतात आणि तो ‘देशाला’ पडला आहे असे सांगतात. मत त्यांचे, सही मात्र देशाची. मग उत्तर देणारा माणूस एका निवेदकाशी वाद घालत नाही, सव्वाशे-दीडशे कोटींचा अपराधी होतो. दुसरीकडे रवीश कुमार. १९ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातल्या घोषणांचे प्रकरण तापलेले असताना, त्यांनी एनडीटीव्ही इंडियाचा पडदा काळा केला आणि वाहिन्यांवरच्या चर्चांचे नुसते आवाज ऐकवले. चेहरे नव्हते. ते भाष्य होते, उघडपणे त्यांचे होते, आणि ते आवडले नाही तर कोणावर चिडायचे हे प्रेक्षकाला माहीत होते. त्यांच्या रोजच्या लांबलचक निवेदनांत मला उपरोधाचा अतिरेक वाटे आणि दुसऱ्या बाजूचा चांगला मुद्दा क्वचितच येई. पण वाद घालायला समोर निदान एक पुरते वाक्य असे.

आपल्याकडे जबाबदारीची व्यवस्था अगदीच नाही असे नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात वाहिन्यांनी रोज रात्री आरोपी ठरवले, शिक्षाही सुनावल्या. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला आणि माध्यमांनी चालवलेला खटला हा न्यायदानातला हस्तक्षेप ठरू शकतो, असे स्पष्ट सांगितले. वाहिन्यांनी स्वतःसाठी नेमलेली संस्था जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकत होती, आणि ही रक्कम २००८ ची होती, याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बोट दाखवले. शिवाय जी वाहिनी त्या संस्थेची सभासदच नाही, तिच्यावर त्या संस्थेचे काय चालणार?

सरकारने नियम करावेत, असे मी म्हणणार नाही. आणीबाणी पाहिलेल्याने ते म्हणू नये. पण एक खटला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. सप्टेंबर २००८ मध्ये टाइम्स नाऊने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नावातल्या साम्यामुळे भलत्याच न्यायाधीशांचे छायाचित्र दाखवले. ते निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. छायाचित्र पडद्यावर जेमतेम पंधरा सेकंद होते. चूक लक्षात आणून दिल्यावर ते काढले, पण पडद्यावरून लगेच माफी मागितली नाही. सावंतांनी पुण्यात दावा लावला. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. अपील चालण्यासाठी उच्च न्यायालयाने वीस कोटी रोख आणि ऐंशी कोटींची बँक हमी मागितली, आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. आकडा अवाच्या सव्वा होता हे मलाही मान्य आहे. अशा आकड्यांनी छोट्या वाहिन्या बंद पडतील आणि मोठ्यांना फक्त वकील वाढवावे लागतील. पण त्या दाव्याच्या मुळाशी जी गोष्ट होती ती अगदी साधी होती: चूक जिथे दाखवली, तिथेच, तितक्याच ठळकपणे आणि लगेच ती दुरुस्त करा.

योगायोग असा की, हेच सावंत १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असताना प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल देणाऱ्या पीठावर होते. लहरी आपल्या असतील, तर त्यांवरून येणारे मत कोणाचे हे विचारायचा हक्कही आपला आहे.

म्हणून वाहिन्यांच्या संपादकांकडे माझी मागणी फार मोठी नाही. तुमच्या चर्चा चालू द्या, खिडक्या सहाच्या आठ करा. पण चर्चा संपल्यावर पाहुणे, संगीत आणि पट्टी बंद करून दोन मिनिटे एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसा. या विषयावर माझे मत हे आहे, त्याची ही कारणे आहेत, आणि आमच्या बातमीदाराने अमुक गावात जाऊन हे पाहिले, असे सांगा. गाव नसेल तर तेही सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तुमच्या विरोधात आलेले एक पत्र पूर्ण वाचून दाखवा, आणि आदल्या दिवशीचे काही चुकले असेल तर तिथेच कबूल करा. एवढे जमत नसेल, तर निदान पट्टीच्या शेवटचे ते प्रश्नचिन्ह पुसा आणि ‘घाव’ हा शब्द तुमच्या नावावर लावून घ्या.